झिजलेली जागा

मंगळवार बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगापाशी
एका पायाच्या स्टोव्हला टेकून उभं होतं.
यल्लव्वा म्हणाली, "दीडशे.
जाळलं तरी शंभराचं लाकूड हाय."
एकशेवीसला घेतलं.
पिशवीतून लांब दांडी बाहेर, सायकलच्या दांड्याला बांधलेलं;
लोक बघत होते,
मेलेला बगळा नेतोय असं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. अशोक चौकात, तीस वर्षं.
मला सूर कळत नाहीत.
झिजलेली जागा खोटं बोलत नाही,
एवढंच कळतं.

आधी सगळ्यांनी नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी.
नरसय्या गुंडेटी म्हणाला, किन्नेरा,
आज्याच्या गावाकडं असायची.
वरच्या कलावतीबाई म्हणाल्या, वीणा;
त्यांना तार दिसली की वीणाच.
पोरगा म्हणाला, गिटारचा आजा.

मग मी मोजलं.
डोक्यात मोठ्या खुंट्यांची चार भोकं,
खुंटी एकच, तीही बाभळीची, पलंगाच्या खुरासारखी.
बाजूच्या पट्टीला बारीक भोकं: चौदा.
दांडीच्या पाठीवर दोऱ्याचे वळ,
वर विरळ, खाली दाट.
म्हणजे पडदे होते.
पोट चौकोनी, कंबर दाबलेली, कातडं उंदरांनी नेलेलं,
आणि कंबरेच्या खाचेत पिवळट चिकट पूड.
नखानं उकरून काडी लावली.
राळ.
पडदे असून गज?

बेगम पेठेतले महताबसाब. वय सत्त्याऐंशी, कान गेलेले.
त्यांनी डोळ्यांनी बघितलंच नाही.
अंगठा कंबरेवरून खाली नेला, थांबले.
"दिलरुबा!" म्हणाले,
बहिरी माणसं बोलतात तसं, गल्लीभर,
आणि नळावरच्या दोन पोरी
तोंडाला ओढणी लावून पळाल्या.

कातडं हलगीवाल्या दशरथकडून.
घोडी म्हशीच्या शिंगाची, तीनदा केली, दोनदा चुकली.
खुंट्या कुणी परत न नेलेल्या मशीनच्या पाटातून.
गजाचे केस वरातीच्या घोडीचे,
मालक चहाला गेला तेव्हा.
गजाला घोडीचे केस, घोडीला म्हशीचं शिंग:
बायको म्हणाली, हे वाजणार नाही,
हे चारा मागणार.

चौदाव्या भोकात जुन्या तारेचा तुकडा अडकला होता.
चिमट्यानं ओढला. लांबच निघाला.
वाद्याची तार नव्हती ती.
मध्यावर बारीक डोळा:
मागाच्या वईची तार.
अशाच डोळ्यांतून आईनं जन्मभर सूत ओवलं,
चष्मा लागला तरी, चष्मा फुटला तरी.

तार मिरजेला मिळते, पगार दहा तारखेला.
कुणीतरी रात्रपाळीवरून येताना
खिशात घालून आणली असेल.
नाव नाही, बिल्ल्याचा नंबर नाही.
राळेच्या पुडीत एका बोटाचा ठसा होता,
तो मीच उकरला.

पुसून ती परत तिथंच ताणली.

आता वाजवायला कोणी नाही.
महताबसाबांना ऐकू येत नाही, मला येत नाही.
भिंतीला टांगला, दिनदर्शिकेशेजारी.

भिंतीपलीकडे गुंडेटीचे आठ माग.
रात्री पाळी बदलली, माग सुरू झाले,
आणि माझ्या हातातला पाना थांबला.
गज खुंटीवर, कुणी जवळ नाही,
आणि तो बारीक आवाजात
स्वतःशीच काहीतरी म्हणत होता.

मशीनमधली खडखड शोधतात तसं
एकेका तारेवर बोट ठेवत गेलो.
पहिली. दुसरी. सहावी.
तेरावी दाबली तरी चालूच.

चौदावीवर बोट नेलं,
आणि मागं घेतलं.
पाळी संपायला अजून
बराच वेळ होता.